बडोद्याहून सॅमनच्या नदीवर : काठी, दोरा, फ्लोट आणि पाण्याची नजर

सरे, बर्नबी, ॲबट्सफर्ड. कॅनडात व्हँकूवरच्या आसपास बडोद्याच्या घरातलं कोणी ना कोणी असतंच. मुलांकडे सहा आठवडे राहायला गेलेल्या पाहुण्याला तिथला जावई किंवा शेजारी एक दिवस विचारतो, ‘नदीवर येता का, सॅमन चढलाय.’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं असेल, तर तयारी बडोद्यातच सुरू करावी. सामान तिथे मिळतं, हातांची सवय मिळत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. हॉटेलांच्या मेन्यूत ज्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात तो आपला रावस. त्याचा या माशाशी काही संबंध नाही. वागणुकीच्या दृष्टीने जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो हिलसा. पावसाळ्यात भरूचच्या बाजूने तो जसा समुद्रातून नर्मदेत वर चढतो, तसाच सॅमन अंडी घालायला नदीत शिरतो. फरक असा, की पॅसिफिक सॅमन एकदाच अंडी घालतो आणि मरतो. नदीत शिरल्यावर तो जवळपास खाणं सोडतो. मग आमिषाला तोंड का लावतो? काही अंशी सवयीने, काही अंशी चिडून, काही अंशी नाकासमोरून जाणारी गोष्ट तोंडाने धरून बघायची म्हणून. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. भुकेला मासा आमिषामागे दहा हात येतो, हा येत नाही. आमिष त्याच्या तोंडासमोरून, त्याच्या खोलीवरून, पाण्याच्याच चालीने गेलं पाहिजे. महागडी काठी हे काम करत नाही, बरोबर लावलेली खोली करते.

केव्हा जायचं, कोणता मासा

पाच जाती लक्षात ठेवायच्या : चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. फ्रेझर नदीत पिंक विषम वर्षी येतो, म्हणजे २०२५, २०२७ असा. सम वर्षी त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. सॉकाय उन्हाळ्यात चढतो, पण तो धरायला परवानगी मिळेलच असं नसतं. त्याचं खरं दर्शन ॲडम्स नदीवर घ्यावं. तिथे दर चार वर्षांनी मोठी झुंड येते (२०१८, २०२२, मग २०२६) आणि पाणी लाल दिसतं. तिथे काठी नेऊ नका, चष्मा न्या.

पाहुण्यासाठी सोयीची नदी म्हणजे चिलिवॅक. व्हेडर क्रॉसिंगच्या पुलाच्या वर ती चिलिवॅक, खाली तीच व्हेडर. व्हँकूवरपासून साधारण शंभर किलोमीटर, काठावर पायवाट, आणि वरच्या अंगाला सरकारी हॅचरी, म्हणजे माशांची पैदास करून पिल्लं सोडणारं केंद्र, असल्यामुळे माशांची बऱ्यापैकी खात्री. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा तिथला मुख्य हंगाम. चिनूक आधी, मग कोहो, आणि ऑक्टोबरपासून चम. बडोदेकरांची अडचण इथेच आहे. हे दिवस म्हणजे नेमके नवरात्र ते दिवाळी. गरबा सोडून नदीवर जायचं की नाही, हे ज्याने त्याने घरी ठरवावं.

परवाना : भरतीचं पाणी आणि गोडं पाणी

व्हँकूवर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात दोन वेगळे परवाने आहेत. भरती-ओहोटीच्या पाण्याचा केंद्र सरकार देतं, गोड्या पाण्याचा प्रांत सरकार. फ्रेझरवर ही हद्द मिशन गावच्या रेल्वे पुलाशी आहे. पुलाच्या खाली उभे राहिलात तर एक परवाना, वर गेलात तर दुसरा. चिलिवॅक-व्हेडरला प्रांताचा, म्हणजे गोड्या पाण्याचा लागतो. तो ऑनलाइन निघतो, एका दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा वर्षाचा. हे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं. फॉर्मवर तुमचा वर्ग ‘नॉन-रेसिडेंट एलियन’ असा येतो. हसू आलं तरी तोच निवडा. चुकून ‘रेसिडेंट’ निवडून कमी पैसे भरले तर तो परवाना चालत नाही. मासा घरी न्यायचा असेल तर सॅमनचा वेगळा अधिभार त्याच वेळी भरायचा. नवशिक्यांकडून हाच राहतो.

परवाना हातात आहे म्हणजे मासा ठेवता येतो, असं नाही. कोणती जात, किती नग, कोणत्या पट्ट्यात, हे हंगामाच्या मध्येही बदलतं. निघण्याच्या दिवशी सकाळी केंद्राच्या मत्स्य विभागाच्या सूचना आणि प्रांताची नियमपुस्तिका, दोन्ही पाहा. प्रांतातल्या सगळ्या नद्यांवर गळ एकच हवा आणि बिनकाट्याचा हवा, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा नसलेला. काट्याचा गळ असेल तर पक्कडीने काटा दाबून सपाट करा आणि गळ मोज्याच्या कापडातून ओढून पाहा. अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. गळ तोंडाबाहेर, पोटात किंवा पोहायच्या परात कुठे रुतला असेल तर तो मासा ताबडतोब सोडावा लागतो, तो केवढाही असो.

एकच पद्धत शिका : फ्लोट

सॅमनसाठी पद्धती अनेक आहेत. फ्रेझरच्या वाळूच्या पट्ट्यावर जड शिसं टाकून काठीला घंटी बांधून बसतात. स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगरणारी धातूची पाती, फिरवतात, पिसांची नकली माशी बांधून टाकतात. मोजके दिवस हातात असलेल्या पाहुण्याने फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बोंड्याची, पद्धत नीट शिकावी. पाण्यात खाली काय चाललंय ते यात डोळ्यांना दिसतं, आणि चूक झाली तर फ्लोट स्वतः सांगतो.

काठी साडेदहा फूट, दोऱ्यासाठी ८ ते १५ पौंड अशी क्षमता लिहिलेली. लांबी हौसेसाठी नाही. लांब काठीने दोरा पाण्यावरून उचलून धरता येतो, आणि मधल्या जोरदार धारेने दोरा ओढला नाही तर फ्लोट सरळ चालतो. आपल्याकडची सात फुटी काठी यासाठी निरुपयोगी. रीळ स्पिनिंगचं, ३५०० किंवा ४००० मापाचं. तिथले जाणकार सेंटरपिन नावाचं साधं गोल चाकासारखं रीळ वापरतात. ते पाहायला सुंदर, पण शिकायला एक हंगाम जातो. त्या मोहात पडू नका.

मुख्य दोरा १५ ते २० पौंडांचा नायलॉन, म्हणजे कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो, किंवा ३० पौंडांचा विणलेला दोरा. विणलेला पाण्यावर तरंगतो, त्यामुळे उचलून धरायला सोपा. मात्र थंडीत बोटं कापतो.

आता दोऱ्यावर काय काय, वरून खाली याच क्रमाने :

१. फ्लोटचा थांबा, म्हणजे दोऱ्यावर सरकणारी दोऱ्याचीच गाठ. ही वर-खाली करून खोली ठरते.
२. एक छोटा मणी. तो नसेल तर थांब्याची गाठ फ्लोटच्या भोकातून निघून जाते.
३. फोमचा फ्लोट, २० ग्रॅमचा. उथळ पाण्यासाठी १५ चा, खोल आणि वेगवान धारेसाठी २५ चा एकेक जवळ ठेवा.
४. आणखी एक मणी, आणि त्याखाली दोऱ्यात ओवलेलं शिसं, १५ ते १८ ग्रॅम.
५. स्विव्हल, म्हणजे दोन दोरे जोडणारी फिरती कडी.
६. लीडर, म्हणजे गळाला बांधायचा शेवटचा दोरा : फ्लोरोकार्बनचा, १० ते १२ पौंडांचा, ४५ ते ६० सेंटिमीटर लांब.
७. गळ. कोहो आणि चमसाठी १ नंबर किंवा १/०, चिनूकसाठी २/०.

लीडर मुख्य दोऱ्यापेक्षा कमजोर ठेवण्यामागे कारण आहे. तळाच्या दगडात गळ अडकला की लीडर तुटतो, फ्लोट आणि शिसं हातात राहतं. दोन्ही सारखेच ठेवलेत तर दिवसभरात चार फ्लोट नदीला अर्पण होतील. काठावर कोणी आठ-दहा फुटांचा लीडर सुचवेल. ऐकू नका. लांब लीडर धारेत आडवा पसरतो, उघड्या तोंडातून दोरा सरकतो आणि गळ बाहेरून गालात बसतो. त्याला मासा लागणं म्हणत नाहीत, ओरबाडणं म्हणतात, आणि तिथे त्याला चांगलं समजत नाहीत.

फ्लोट आणि शिसं यांचा तोल घरीच बादलीत पाहता येतो. फक्त वरचा रंगीत टोपी-एवढा भाग पाण्याबाहेर राहिला पाहिजे. अर्धा फ्लोट वर दिसत असेल तर शिसं कमी आहे. मासा हलकं तोंड लावेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

आमिष, आणि मंगळबाजारातली लोकर

सर्वांत चालणारं आमिष म्हणजे मीठ आणि बोरॅक्स लावून मुरवलेली सॅमनचीच अंडी. बोराएवढा गोळा पुरे. काही पट्ट्यांत आणि काही महिन्यांत आमिषाला बंदी असते, म्हणून दुसरा उपाय हाताशी हवा. तो उपाय बडोद्याहून नेता येतो. मंगळबाजारात लोकरीचे गुंडे मिळतात. गुलाबी, नारंगी आणि पीच रंगाचा एकेक घ्या. दोन इंचाचा तुकडा गळाच्या गाठीतल्या फाशात अडकवा, बाहेर आलेली टोकं कात्रीने अर्ध्या इंचावर कापा आणि बोटांनी पिंजा. पाण्यात तो अंड्यांच्या गोळ्यासारखा दिसतो, आणि माशाच्या बारीक दातांत अडकत असल्यामुळे तो लगेच थुंकत नाही. अख्खा हंगाम एका गुंड्यात जातो.

इथून खाण्याचं आमिष काहीही नेऊ नका. सुकट तर नकोच, विमानतळावर त्याची उत्तरं देत बसावं लागेल. गळ, पक्कड, कात्री हे सगळं चेक-इन सामानात, केबिनच्या बॅगेत नाही.

फासा तयार करणारी गाठ म्हणजे एग लूप. ती बडोद्यातच पन्नास वेळा बांधा, कारण तिथे बोटं गारठलेली असतात. साठ सेंटिमीटर लीडर घ्या. एक टोक गळाच्या भोकातून आत घेऊन दांड्यालगत दोन-तीन सेंटिमीटर आडवं ठेवा आणि चिमटीत धरा. भोकाजवळून निघणाऱ्या लांब भागाने दांडा आणि ते टोक यांवर वाकाच्या दिशेने घट्ट, एकमेकांना चिकटून दहा वेढे द्या. वेढे चिमटीत तसेच धरून लीडरचं दुसरं टोक वाकाच्या बाजूने आणून भोकातून पुढे बाहेर काढा. आता गळाखाली मोठा फास लोंबतो. त्याची एक बाजू वेढ्यांतून निघते, दुसरी दांड्यालगत भोकाकडे जाते. वेढ्यांतून निघणाऱ्या बाजूने दांडा आणि ती दुसरी बाजू यांवर आणखी पाच-सहा वेढे द्या. दर वेढ्याला फास गळाच्या टोकावरून उलटून जाईल, तिथे तो गळाच्या टोकाला अडकतो, एवढं सांभाळा. मग भोकातून बाहेर आलेलं टोक हळूहळू ओढा. फास संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही. शेवटी थुंकीने ओली करून घट्ट ओढा, कोरडी ओढली तर दोरा घासून तिथेच कमजोर होतो. आता लीडर भोकात थोडा मागे ढकला, भोक आणि वेढे यांच्यामध्ये छोटा फासा उघडेल. लोकर किंवा अंडी त्यात बसते.

बडोद्यात करायचा सराव

नवलखीच्या मैदानावर गरब्याचा मांडव पडायच्या आधी फेकीचा सराव करा. गळ लावायचा नाही, फक्त फ्लोट आणि शिसं. वीस पावलांवर एक कपडा टाका आणि दहापैकी सात फेकी त्याच्या हातभर आत पडेपर्यंत थांबू नका. नदीवर लांब फेकणाऱ्याला नाही, त्याच जागी पुन्हापुन्हा फेकणाऱ्याला मासा मिळतो.

रिळाचा ड्रॅग लावणंही घरी शिकता येतं. ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढायला लागल्यावर दोरा किती सहज सुटावा याचा स्क्रू. तो लीडरच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याला सुटायला हवा. १२ पौंडांच्या लीडरला हे तीन ते चार पौंड होतं. दीड लिटरची भरलेली बाटली साधारण तेवढीच. गॅलरीतून दोरा खाली सोडून बाटली बांधा, काठीने उचला. बाटली सावकाश उचलली जाताना रीळ जेमतेम सुटायला लागलं, की ड्रॅग बरोबर. अजिबात सुटलं नाही तर नदीत पहिल्याच धावेला लीडर तुटेल.

नदीवर : पाणी वाचणं

विश्वामित्रीत मगरी असल्यामुळे आपल्याकडे नदीत पाय घालायची सवयच नाही. तिथे तर मांडीपर्यंत उभं राहायचं असतं. पण आत शिरण्याआधी पाच मिनिटं काठावरून बघा, कारण मासा बऱ्याचदा तुमच्या पायाशीच असतो.

पॅसिफिक सॅमन वर चढताना ताकद वाचवतो. तो ना फेसाळ धारेत थांबतो, ना साचलेल्या पाण्यात. दोन्हींच्या मधल्या शिवेवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वाहणाऱ्या, चार ते आठ फूट खोल पट्ट्यात तो सापडतो. वरच्या धारेने फेस आणला की त्या फेसाची जी रेघ खाली सरकते, तीच आमिषाची वाट. पाऊस पडून पाणी चहाच्या रंगाचं झालं असेल तर त्या दिवशी घरी थांबा. ओसरून हिरवट झालं आणि दोन ते चार फूट खोलपर्यंत तळ दिसू लागला, की तो सर्वांत चांगला दिवस. पाणी गढूळ असेल तर आमिष मोठं आणि भडक, नितळ असेल तर लहान आणि फिकं, लीडर दहा पौंडांचा.

आता खोली. अंदाजाने थांबा चार फुटांवर लावा. किंचित वरच्या अंगाला फेका, दोरा पाण्यावरून उचलून धरा आणि फ्लोट पाण्यासोबत जाऊ द्या. फ्लोट उभा चालत असेल तर प्रत्येक फेकीनंतर थांबा सहा इंच वर सरकवा. मध्येच फ्लोट खालच्या अंगाला झुकू लागला किंवा सारखा बुचकळ्या मारू लागला, की शिसं तळाला घासतंय. सहा इंच ते एक फूट परत कमी करा. आमिष तळापासून साधारण फूटभर वर आलं, हीच मासा असतो ती उंची. उलट फ्लोट वरच्या अंगाला झुकला, तर तो तुम्हीच दोऱ्याने ओढून धरताय. तळाचं पाणी पृष्ठभागापेक्षा मंद असतं, म्हणून फ्लोट अगदी नखभर अडवून चालवणं चांगलं. त्याहून जास्त अडवलंत तर आमिष वर उचललं जातं आणि माशाच्या डोक्यावरून निघून जातं. दुसरी जागा पकडली की खोली पुन्हा लावा. रिकाम्या हाताने परतणारे बहुतेक लोक सकाळी लावलेली खोली संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत.

फ्लोट बुडाला, थांबला, आडवा झाला, काहीही वेगळं दिसलं तर लगेच मनगटाने काठी वर. ‘अजून नीट गिळू दे’ असा विचार करायचा नाही, तो गिळत नाही, थुंकतो.

ओळीत उभं असाल तर शेजाऱ्यांच्या तालावर फेका. सगळे फ्लोट एकत्र खाली जातात आणि एकत्र वर येतात. मध्येच तुमचा आडवा पडला तर चार जणांचा गुंता होतो आणि चार जणांचे चेहरेही. मासा लागला की मोठ्याने ‘फिश ऑन’ म्हणा, बाकीचे दोरा आवरतात.

मासा धावत असताना रीळ फिरवू नका. स्पिनिंग रिळात त्याने दोऱ्याला पीळ बसतो आणि नंतर गुठळ्या होतात. तो थांबला की काठी बाजूला झुकवून ओढा, मग काठी पुढे आणत दोरा गुंडाळा. बिनकाट्याच्या गळात दोरा क्षणभर सैल पडला की मासा गेला. उडी मारली तरी ताण राहू द्या.

हातात आल्यावर ओळख

ठेवायचा की सोडायचा, हे मासा पाण्यात असतानाच ठरवा. हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके असतील तर चिनूक. दातांच्या मुळाशी हिरडी पांढरट आणि ठिपके फक्त शेपटीच्या वरच्या पाळीवर असतील तर कोहो. पाठीवर आणि शेपटीवर मोठे लांबट ठिपके, खवले बारीक, तो पिंक. ठिपके नाहीत आणि अंगावर जांभळट-हिरवे उभे पट्टे, तो चम. बरेचदा फक्त हॅचरीचा कोहो ठेवायची मुभा असते. त्याची खूण शेपटीच्या आधीचा पाठीवरचा छोटा मांसल पर. हॅचरीत तो कापलेला असतो आणि तिथे भरून आलेला व्रण दिसतो. पर शाबूत असेल तर मासा रानटी, सोडून द्या.

सोडायचा असेल तर पाण्याबाहेर उचलू नका, दगडांवर ओढू नका. गळ पक्कडीने उलटा फिरवला की बिनकाट्याचा सहज निघतो. तोंड वरच्या धारेकडे करून शेपटीच्या मुळाशी धरून ठेवा, तो स्वतः निघेपर्यंत. ठेवायचा असेल तर डोळ्यांच्या किंचित मागे डोक्यावर लाकडाचा एक नेमका घाव, लगेच कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा. रक्त न काढलेल्या माशाच्या कालवणाचं घरात कोणी नाव काढत नाही. चम रंगावर आला असेल तर त्याचं मांस फिकं आणि पोचट लागतं, तो धुरावलेला बरा. चंदेरी कोहोचे तुकडे मात्र हळद-मीठ-लिंबू लावून रव्यात तळा.

पायांखालचं

वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार, भाड्याने किंवा कोणाची तरी मागून घ्या. त्यावर पट्टा घट्ट बांधलाच पाहिजे. पडलात तर पट्ट्यामुळे आत पाणी भरायला वेळ लागतो. पाऊल उचलून टाकू नका, दगडावरून घासत सरकवा, आणि हातात काठी ठेवा, मासे धरायची नव्हे, आधाराची. वाहून गेलातच तर पाठीवर पडून पाय खालच्या दिशेला. ऑक्टोबरचं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं, दहा मिनिटांत हात काम देत नाहीत. साफ केलेल्या माशाची आतडी पिशवीजवळ ठेवू नका, अस्वलं वासावर येतात.

स्कॉटलंडला जाणार असाल तर

तिथला सॅमन अटलांटिकचा, आणि कारभारही निराळा. बहुतेक नद्यांवर सरकारी परवाना लागत नाही, पण नदीच्या त्या तुकड्याच्या मालकाची परवानगी विकत घ्यावी लागते. रविवारी सॅमन धरायला बंदी. टे नदी १५ जानेवारीला उघडते आणि १५ ऑक्टोबरला बंद होते, ट्वीड १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. १ एप्रिलच्या आधी मिळालेला प्रत्येक सॅमन सोडावाच लागतो, आणि काठीने धरलेला सॅमन विकता येत नाही. टेवरच १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन यांनी धरलेला ६४ पौंडांचा मासा ब्रिटनचा विक्रम म्हणून आजही सांगितला जातो.

तिथे काठी दोन हातांची, १३ ते १५ फूट, आणि गळाला पिसांची माशी. खालच्या अंगाला ४५ अंशात फेकायची, धारेने ती काठाकडे फिरू द्यायची, मग दोन पावलं खाली सरकून पुन्हा फेक. मासा लागल्यावरची सवय मात्र फ्लोटच्या अगदी उलट. झटका द्यायचा नाही. त्याला वळून दोरा ओढू द्यायचा आणि वजन हातात आलं की मगच काठी उचलायची. आधी व्हँकूवरला शिकून मग टेवर गेलेला माणूस इथेच हमखास चुकतो, हात आपोआप वर जातो. सोबत घिली, म्हणजे तिथला नदीचा जाणकार, असेल तर पहिल्या सकाळी हे त्याला सांगून ठेवा. तो तुमच्या कोपराकडे लक्ष ठेवेल.